मतदाराच्या हाती कोणता कागद द्यायचा? नमुना मतपत्रिका, चिठ्ठ्या आणि त्यांचे नियम

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बीड मतदारसंघात ४१ उमेदवार होते. 'नोटा' धरून ४२ ओळी झाल्या. एका मतदान यंत्रावर १६ ओळी मावतात, म्हणजे पुठ्ठ्याच्या आडोशामागे ३ यंत्रं शेजारी शेजारी मांडलेली. अनुक्रमांक ३५ च्या उमेदवाराला मत द्यायचं असेल तर बोट जायला हवं तिसऱ्या यंत्राच्या तिसऱ्या बटणावर. हे मतदाराला आधी कोणी दाखवलेलं नसेल तर तो पहिल्याच यंत्रावर वरून खाली नजर फिरवत राहतो, मागे रांग खोळंबते, केंद्राध्यक्ष घाई करतात, आणि बोट भलतीकडेच पडतं.

मतदान यंत्रावर काय दिसणार आहे हे माणसाला मतदानाआधी घरी बसून बघायला मिळालं पाहिजे. निवडणूक आयोगाची यंत्रणा घरी चिठ्ठी देते, पण त्या चिठ्ठीवर तुमचं नाव आणि केंद्र असतं. उमेदवारांची यादी त्यात नसते. ती उणीव कार्यकर्त्यांनी, गावातल्या मंडळांनी भरून काढायची असते, आणि ते करताना नियम मोडला तर चांगल्या कामाचा गुन्हा होतो. मराठवाड्यात पहिल्यांदाच बूथचं काम हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. आधी लोकसभा-विधानसभेचं बघू, स्थानिक निवडणुकांचं पुढे वेगळं दिलं आहे, कारण तिथला कायदा वेगळा आहे.

तीन कागद, तीन नियम

लोक सरसकट 'चिठ्ठी' म्हणतात, पण कागद तीन आहेत. पहिला सरकारी मतदार माहिती चिठ्ठी, जी बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) वाटतो. दुसरा उमेदवाराची किंवा पक्षाची चिठ्ठी, जी कार्यकर्ते वाटतात. तिसरा नमुना मतपत्रिका, म्हणजे मतपत्रिकेसारखा दिसणारा सरावाचा कागद. पहिल्याला कार्यकर्त्यानं हात लावायचा नाही. दुसऱ्यावर चिन्ह छापायचं नाही. तिसऱ्यावर चिन्ह चालतं, पण कागद पांढरा किंवा गुलाबी चालत नाही. ही तीन वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. प्रचाराच्या धामधुमीत गल्लत होते ती नेमकी इथेच.

पायरी १: आधी यादीतलं नाव

कागद छापण्याआधी यादी हातात हवी. मतदाराच्या बाबतीत तीन आकडे महत्त्वाचे: यादीचा भाग क्रमांक, त्या भागातला अनुक्रमांक आणि मतदान केंद्राचा क्रमांक. ओळखपत्रावरचा इंग्रजी अक्षरं आणि आकडे असलेला क्रमांक वेगळा. त्याचा उपयोग आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधायला होतो. नावावरून शोधू नका. 'शेख', 'पठाण', 'जाधव', 'राठोड' अशा आडनावांनी शोधलं तर पानंच्या पानं निघतात, आणि टंकलेखनात 'मुंजाजी'चं 'मुंजाची' झालेलं असतं ते वेगळंच. ओळखपत्राच्या क्रमांकावरून शोधलं की अडत नाही. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांना १९५० हा क्रमांक फिरवायला सांगा.

मागच्या वेळी याच शाळेत मत दिलं होतं, म्हणून यंदाही तिथेच, असं धरून चालू नका. एका केंद्रावर जास्तीत जास्त १,२०० मतदार ठेवायचं आयोगानं २०२५ पासून ठरवलं आहे. त्यामुळे मोठी केंद्रं फुटतात आणि एकाच घरातली माणसं दोन खोल्यांत विभागली जातात. सुनेचं नाव अजून माहेरच्या गावात असतं. तांड्यावरच्या घरांची नावं कधी मूळ गावच्या भागात, तर कधी शेजारच्या वाडीच्या भागात निघतात. हे सगळं तपासायची वेळ उमेदवारी अर्ज भरायला सुरुवात होण्याच्या बरीच आधी असते. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की कायद्यानं त्या निवडणुकीपुरता यादीत बदल होत नाही. नवीन नावासाठी नमुना ६ आणि दुरुस्ती किंवा पत्ता बदलासाठी नमुना ८, हे दोन्ही त्याच्या पुरेसे आधी गेलेले हवेत, कारण अर्जावर हरकतींसाठीही दिवस जातात.

पायरी २: सरकारी चिठ्ठी

मतदार माहिती चिठ्ठी मतदानाच्या किमान ५ दिवस आधी घरपोच यायला हवी. तिच्यावर नाव, भाग, अनुक्रमांक, केंद्राचा पत्ता, तारीख आणि वेळ असते, सोबत क्यूआर कोड. २०२५ मध्ये आयोगानं तिची मांडणी बदलली आणि भाग क्रमांक व अनुक्रमांक मोठ्या अक्षरांत आणले. केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला यादीत नाव सापडवायचं असतं ते याच दोन आकड्यांवरून. दृष्टिहीन मतदारांसाठी ब्रेलमधली चिठ्ठी देण्याची तरतूद आहे. कुटुंबात असं कोणी असेल तर बीएलओला आधीच सांगून ठेवा.

बीएलओनं ती मतदाराच्या किंवा घरातल्या सज्ञान माणसाच्या हातात द्यायची आणि सही घ्यायची, असा नियम आहे. गठ्ठ्यानं कोणाकडे सोपवायची नाही. प्रत्यक्षात काय होतं? बीएलओ बहुतेक वेळा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात. ५०० घरं, आखाड्यावर राहणारी माणसं, दुपारचं ऊन. मग गठ्ठा किराणा दुकानात किंवा गावातल्या एखाद्या 'कामाच्या' माणसाकडे ठेवला जातो, आणि तिथून तो कुठल्यातरी उमेदवाराच्या कार्यालयात पोचतो. मदत म्हणूनही तो गठ्ठा तुम्ही घेऊ नका. या चिठ्ठ्या अनधिकृतपणे वाटणं किंवा जवळ बाळगणं हा गुन्हा धरला जातो. बीएलओला मदत करायची असेल तर सोबत फिरा, घर दाखवा. चिठ्ठी त्यांच्याच हातून जाऊ द्या. कोणाकडे गठ्ठा दिसला तर आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारींच्या ॲपवर फोटो टाका. तक्रार १०० मिनिटांत निकाली काढायची अशी त्या व्यवस्थेची रचना आहे. फोटो मात्र त्याच जागेवरून, ॲपमधूनच काढावा लागतो.

मराठवाड्याची खास अडचण स्थलांतराची. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे हेच दिवस. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यात दाराला कुलूप असलेली घरं बीएलओला गल्लोगल्ली भेटतात. अशा घरची चिठ्ठी परत जाते. चिठ्ठी परत गेली म्हणजे नाव कटलं असं मुळीच नाही. यादीत नाव असेल आणि ओळखीचा पुरावा असेल तर चिठ्ठीविना मतदान करता येतं. हे मुकादमाला फोन करून टोळीपर्यंत पोचवा, कारण 'चिठ्ठी नाही म्हणजे मत नाही' या समजुतीनं माणसं गावाकडे यायचं टाळतात.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: नुसती चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही. २०१९ पर्यंत फोटो असलेली चिठ्ठी पुरावा म्हणून चालायची, म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या मनात ते पक्कं बसलं आहे. आता चिठ्ठीवर फोटोही नाही. सोबत मतदार ओळखपत्र हवं. ते नसेल तर आधार, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, वाहन परवाना, पॅन, पासपोर्ट, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, कामगार मंत्रालयाच्या योजनेचं आरोग्य विम्याचं स्मार्ट कार्ड, राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं स्मार्ट कार्ड, सरकारी नोकरीचं ओळखपत्र, लोकप्रतिनिधीचं ओळखपत्र किंवा दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, या १२ पैकी एक. गावात सगळ्यात हमखास सापडतं ते पासबुक, पण त्यावरचा फोटो धुवून गेलेला असेल तर आधार सोबत ठेवायला सांगा. रेशनकार्ड या यादीत नाही.

पायरी ३: पक्षाची चिठ्ठी

आदर्श आचारसंहितेत याचे शब्द स्पष्ट आहेत: चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर, त्यावर चिन्ह नाही, उमेदवाराचं नाव नाही, पक्षाचं नाव नाही. म्हणजे लिहायचं काय? मतदाराचं नाव, भाग क्रमांक, अनुक्रमांक, केंद्राचा क्रमांक आणि केंद्राचं नाव. संपलं. 'आपला नम्र' नाही, घोषवाक्य नाही, कोपऱ्यात छोटं कमळ, पंजा, धनुष्य, मशाल, घड्याळ काहीही नाही.

आजकाल मोडतो तो नेमका हाच नियम, आणि बऱ्याचदा नकळत. बूथवर मोबाईल ॲप आणि कमरेला अडकवायचं छोटं थर्मल प्रिंटर आलं आहे. मतदाराचं नाव टाकलं की सर्रकन चिठ्ठी निघते, आणि तिच्या माथ्यावर उमेदवाराचा फोटो व चिन्ह छापूनच येतं, कारण ॲप देणाऱ्यानं तसं बसवलेलं असतं. ॲप घेताना पहिली चाचणी चिठ्ठी स्वतः काढून बघा. माथा रिकामा करता येत नसेल तर ते ॲप मतदानाच्या दिवशी वापरू नका. पूर्वीसारख्या हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या बऱ्या. थर्मल कागदाचा आणखी एक दोष: मे महिन्याच्या उन्हात, घामेजलेल्या खिशात त्याचं छापील दोन तासांत पुसट होतं.

चिठ्ठ्या देण्याचं टेबल कुठे लावायचं? आधी मतदान केंद्रापासून २०० मीटरच्या पुढे लावावं लागायचं. मे २०२५ मध्ये आयोगानं ते १०० मीटरच्या पुढे आणलं. अंतर केंद्राच्या प्रवेशद्वारापासून मोजायचं. बहुतेक शाळांसमोर पांढऱ्या चुन्याची रेघ मारलेली असते. तिच्या आत प्रचार केला तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १३० खाली कारवाई होते. दंड कायद्यात २५० रुपयांपर्यंतच आहे, पण पोलीस टेबल उचलून नेतात, आणि दुपारी ३ वाजता टेबल गेलं की परत लागत नाही. एक टेबल, दोन खुर्च्या आणि सावलीला छत्री किंवा ताडपत्री एवढंच ठेवा. तिथे चहा-नाश्त्याची पंगत बसवली की तक्रार आलीच.

चिठ्ठीला नोट टाचणं, चिठ्ठीसोबत टोकन देणं, 'ही चिठ्ठी हॉटेलात दाखवा' असं सांगणं ही लाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये तिची व्याख्या आहे आणि १७३ मध्ये शिक्षा. मतदारांना केंद्रापर्यंत आणायला फुकट गाडी लावणं हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १३३ खाली वेगळा गुन्हा (पुढे येणारी कलमंही याच अधिनियमाची). तांडा दोन किलोमीटरवर आहे ही अडचण खरी असते, पण उमेदवाराच्या जीपनं ती सोडवता येत नाही. ८५ वर्षांवरील आणि ठरावीक प्रमाणाच्या वर दिव्यांगत्व असलेल्यांसाठी घरून मतदानाची सोय आहे. तिचा अर्ज वेळेत भरून द्या.

पायरी ४: नमुना मतपत्रिका

आता मुख्य काम. हे नीट केलं तर वर सांगितलेलं ३ यंत्रांचं कोडं घरच्या घरी सुटतं.

छपाईची घाई करू नका. अर्जांची छाननी झाली, माघारीची मुदत संपली आणि चिन्हवाटप झालं की निवडणूक निर्णय अधिकारी नमुना ७अ मध्ये अंतिम उमेदवारांची यादी लावतात. ओळ क्रमांक तेव्हाच कळतो. यादीचे तीन गट असतात: आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षांचे, मग बाकीचे म्हणजे अपक्ष. प्रत्येक गटात नावं वर्णानुक्रमे. माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी कोणी अर्ज मागे घेतला की खालच्या सगळ्यांचे आकडे एकानं सरकतात. आदल्या दिवशी '५ नंबरचं बटण' म्हणून १०,००० कागद छापले आणि उमेदवार ४ नंबरला आला, तर ते कागद घरात ठेवणंही धोक्याचं. ७अ हाती आल्यापासून मतदानापर्यंत कायद्यानं किमान १४ दिवस मिळतात. तेवढे पुरतात.

यादीची प्रत उमेदवाराला मिळते, कार्यालयाच्या फलकावरही लागते. तिच्यावरून बोटानं ओळ मोजा. मग यंत्र काढा: १ ते १६ पहिलं यंत्र, १७ ते ३२ दुसरं, ३३ ते ४८ तिसरं. १९ नंबर म्हणजे दुसऱ्या यंत्राचं तिसरं बटण. यंत्रावरच्या कागदावर १९ हाच आकडा छापलेला असतो, पण बटण वरून तिसरं असतं. मतदाराला दोन्ही सांगा. 'नोटा' शेवटच्या उमेदवाराच्या खाली येतो.

कागद कसा असावा याबद्दल उमेदवारांसाठीच्या आयोगाच्या पुस्तिकेत नेमकं सांगितलं आहे. खऱ्या मतपत्रिकेचा कागद लोकसभेला पांढरा आणि विधानसभेला गुलाबी असतो. म्हणून नमुन्याचा कागद तपकिरी, पिवळा किंवा राखाडी घ्यायचा, पांढरा-गुलाबी टाळायचा, आणि आकारही खऱ्या कागदापेक्षा वेगळा ठेवायचा. त्यावर तुमच्या उमेदवाराचं नाव, चिन्ह आणि त्याची जागा दाखवता येते. इतर उमेदवारांची नावं आणि चिन्हं छापता येत नाहीत. सोपी मांडणी अशी: सगळ्या ओळी आखा, प्रत्येकीपुढे फक्त आकडा, आपल्या ओळीतच नाव आणि चिन्ह, बाकी जागा मोकळी. यंत्रं ३ असतील तर कागद आडवा घ्या, ३ उभे रकाने करा, वर 'पहिलं यंत्र', 'दुसरं यंत्र', 'तिसरं यंत्र' असं ठळक लिहा. वरच्या बाजूला 'नमुना, सरावासाठी' हे शब्द मोठ्यात हवेत.

लाकडी किंवा प्लायवूडचं नकली यंत्र बनवायलाही परवानगी आहे. आकार खऱ्या यंत्राच्या निम्मा, रंग पुन्हा तपकिरी, पिवळा किंवा राखाडी. गावातला सुतार दिवसात करून देतो. वाचता न येणाऱ्यांसाठी कागदापेक्षा हे बरं, कारण बोट दाबण्याचा सराव कागदावर होत नाही.

मग छापखाना. कलम १२७अ प्रमाणे छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव व पत्ता कागदाच्या दर्शनी भागावर हवाच. प्रकाशकानं म्हणजे तुमच्या बाजूच्या जबाबदार माणसानं, त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षीनं, सही केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत मुद्रकाला द्यायचं. मुद्रकानं ते छापील कागदासह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. आयोगाच्या सूचनेप्रमाणे छपाईनंतर ३ दिवसांत, कागदाच्या ४ प्रतींसह. न पाळल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'आपण फक्त झेरॉक्स काढली, छापलं कुठे' ही पळवाट चालत नाही. हातानं लिहून काढण्याखेरीज प्रती काढायची कोणतीही पद्धत कायद्यानं छपाईच आहे. तालुक्याच्या झेरॉक्स दुकानदाराला हे माहीत नसतं, अडकतो मात्र तो. त्याला आधी समजावून सांगा आणि घोषणापत्राचा कोरा नमुना तुम्हीच घेऊन जा. छपाईची संख्या आणि बिल जपून ठेवा. तो खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जातो.

पायरी ५: घरी दाखवताना

कागद दारातून आत सरकवून निघून गेलात तर त्याचा उपयोग चुलीला. बसून दाखवा. 'मावशी, हे खरं मशीन नाही, सरावापुरतं आहे. तुमचं बोट कुठं जाईल ते मला दाखवा,' एवढंच म्हणा आणि थांबा. आपण बोट धरून दाखवलं की माणूस 'हो हो' म्हणतो आणि विसरतो. त्याला स्वतः मोजू द्या: पहिलं यंत्र सोड, दुसऱ्यावर ये, वरून तीन. मग पुढचं सांगा: निळं बटण दाबल्यावर शेजारी लाल दिवा लागेल, बाजूच्या खिडकीत चिठ्ठी ७ सेकंद दिसेल, तिच्यावर आकडा, नाव आणि चिन्ह बघायचं, 'बीप' वाजेपर्यंत थांबायचं.

चिन्हांचा गोंधळ वेगळा समजवावा लागतो. २०२४ च्या लोकसभेला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे एका पक्षाचं चिन्ह होतं आणि 'ट्रम्पेट' या मुक्त चिन्हाचं मराठी नावही 'तुतारी' असंच दिलेलं होतं. लोक ज्याला पिपाणी म्हणतात ते. राज्यभर त्यावरून मतं इकडची तिकडे गेल्याच्या तक्रारी झाल्या. त्यामुळे चिन्हाचं नाव सांगून भागत नाही, चित्र दाखवावं लागतं. एकसारख्या नावाचे उमेदवार उभे असतील तर फोटो बघायला सांगा. २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो असतो.

दृष्टिहीन मतदारांसाठी यंत्रावर ब्रेल आकडे असतात आणि केंद्राध्यक्षांकडे ब्रेलमधली नमुना मतपत्रिका ठेवलेली असते. मागितली की वाचायला मिळते. ब्रेल येत नसेल तर १८ वर्षांवरचा सोबती नेता येतो, पण एका माणसाला त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं. 'मी सगळ्या म्हाताऱ्यांना घेऊन जातो' हे चालत नाही.

नमुना मतपत्रिका केंद्रात नेऊ नका, असं प्रत्येकाला बजावा. खिशातला कागद रांगेत बाहेर काढला की तो प्रचार ठरतो आणि वाद होतो.

उमेदवार नसलेल्यांनी माहिती द्यायची असेल तर

गावातलं तरुण मंडळ, महिला बचत गट, वाचनालय यांना सगळ्या उमेदवारांची माहिती लोकांपुढे ठेवता येते, आणि आमच्या मते हे काम पक्षांच्या कामाइतकंच मोलाचं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात निवडणूक कार्यालय स्वतः प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला नमुना मतपत्रिकेसह माहितीपुस्तिका पाठवतं. आपल्याकडेही ७अ ची पूर्ण यादी चिठ्ठीसोबत घरी आली पाहिजे. कागद एकच लागेल. सध्या ती यादी निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लागते आणि मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर भिंतीवर, जिथे रांगेतला माणूस ती वाचत नाही.

मंडळानं करायचं ते इतकंच: ७अ ची यादी जशीच्या तशी, त्याच क्रमानं, सारख्याच अक्षरांत फलकावर लिहा. एकही नाव ठळक नको, एकही रंग नको. कोणाची बाजू घेतली किंवा कोणाला पाडण्याचा सूर लागला की तो प्रचाराचा कागद झाला आणि वर सांगितलेले सगळे नियम लागू. छापणार असाल तर बाजू घेतलेली नसली तरी मुद्रक-प्रकाशकाचं नाव टाका आणि मजकूर आधी निर्णय अधिकाऱ्यांना दाखवा.

दुसरी माहिती शपथपत्रांची. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये प्रलंबित खटले, शिक्षा, स्वतःची, जोडीदाराची व अवलंबितांची मालमत्ता, कर्ज, शिक्षण, आणि आता मागच्या ५ वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतलं उत्पन्न द्यावं लागतं. आयोगाच्या 'नो युवर कँडिडेट' ॲपवर हे शपथपत्र पूर्ण दिसतं. वाचताना तीन गोष्टी बघा: शेतजमिनीचे गट क्रमांक आणि बाजारभाव भरलेत का, सरकारी थकबाकीच्या रकान्यात काय आहे, आणि खटल्यांत दोषारोप निश्चित झालेत का. रकाने कोरे ठेवता येत नाहीत, असं २०१३ मध्ये न्यायालयानं सांगितलं आहे. 'निरंक' किंवा 'लागू नाही' तरी लिहावं लागतं. खोटी माहिती दिल्यास कलम १२५अ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद. गुन्हे असलेल्या उमेदवाराला ती माहिती प्रचारकाळात तीनदा वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर जाहीर करावी लागते, तीही जपून ठेवून फलकावर लावता येते.

स्थानिक निवडणुकांत काय बदलतं

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व अधिनियम तिथे थेट लागू नाही. वरच्या कलमांचे आकडे तिथे सांगू नका, त्या निवडणुकीचे राज्य आयोगाचे आदेश तहसीलमधून घ्या आणि तेच पाळा. यादी विधानसभेचीच असते, पण ती प्रभागांत फोडलेली. त्यामुळे सगळ्यात मोठी चूक प्रभागाची: रस्त्याच्या या बाजूचं घर, नाव पलीकडच्या प्रभागात. प्रारूप प्रभाग यादी लागते तेव्हाच हरकत घ्या.

मतपत्रिकाही एक नसते. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला एकाच केंद्रात दोन मतं. ग्रामपंचायतीत प्रभागातल्या प्रत्येक जागेसाठी एक आणि सरपंच थेट निवडायचा असेल तर त्याचं आणखी एक. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरसारख्या महापालिकांत बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा ४ जागा, म्हणून ४ मतं. जागेगणिक कागदाचा रंग वेगळा असतो. नमुना दाखवताना रंगाचं नाव न घेता 'अ, ब, क, ड' असं शिकवा. मतदार एकाच जागेचं बटण दाबून निघू लागतो, आणि यंत्र शेवटचा आवाज देत नाही. प्रत्येक जागेसाठी बटण दाबायला हवं, कोणी पसंत नसेल तर त्या जागेचं 'नोटा'. या यंत्रांना चिठ्ठी दाखवणारी खिडकी नसते, म्हणजे दिवा आणि आवाज यांवरच भिस्त. सराव दोनदा करून घ्या.

शेवटचे ४८ तास

हे पुन्हा लोकसभा-विधानसभेचं. मतदान संपण्याच्या वेळेपासून मागे ४८ तास मोजायचे. संध्याकाळी ६ ला मतदान संपणार असेल तर दोन दिवस आधीच्या संध्याकाळी ६ पासून कलम १२६ लागू: सभा नाही, मिरवणूक नाही, पडद्यावर किंवा टीव्हीवर प्रचार नाही. शांतपणे घरोघर भेटणं या मनाईत येत नाही, पण जमावबंदीचा आदेश निघालेला असतो, तो वाचून माणसं ठरवा. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची तर माध्यम प्रमाणन समितीची आधी मंजुरी लागते. टीव्ही, रेडिओ आणि समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींना ती प्रचारभर लागते. अर्ज पक्षानं किंवा उमेदवारानं ३ दिवस आधी करायचा, इतरांनी ७ दिवस आधी.

उरलेल्या नमुना मतपत्रिका मतदानाच्या आदल्या रात्री मोजून एका पोत्यात बांधा आणि कार्यालयात ठेवा. टेबलावर एकही नको. छापलेल्या, वाटलेल्या, उरलेल्या, तिन्ही आकडे वहीत लिहा, छापखान्याचं बिल त्याच पानाला लावा. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तो न दिल्यास ३ वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरवता येतं. निकालाच्या गडबडीत हे बिलच सापडत नाही, म्हणून ते छपाईच्या दिवशीच चिकटवायचं.